योडाचं सूप, चातुर्मासातलं



चातुर्मास सुरू झाला की संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न रोज चार वाजताच डोक्यात येतो. पालेभाज्या बंद. कंदमुळं तर बारा महिने बंदच. त्यात पाऊस, त्यामुळे घरात लहान-मोठ्या सगळ्यांना काहीतरी गरम हवं असतं. त्यावर आमच्याकडे गेल्या वर्षीपासून एक सूप होतं, ते आज सांगते. मूग, दोडका, कच्चं केळं असलं साधंच सामान आहे. पण ते आमच्या घरात आलं एका इंग्रजी चित्रपटातून, आणि तोही अंतराळातल्या लढायांचा. हसू नका! कृती अगदी शेवटी दिली आहे. घाई असेल तर खाली जाऊन तेवढीच वाचा. पण वेळ असेल तर आधी त्या चित्रपटाचं ऐका, कारण त्याच्याशिवाय हे सूप म्हणजे नुसती मुगाची आमटी.

चित्रपटाचं नाव 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला, त्याचा हा पुढचा भाग, १९८० सालचा. कथा जॉर्ज लुकास यांची, दिग्दर्शन अर्विन कर्शनर यांचं. मी तो पाहिला लग्नानंतर दोन वर्षांनी, दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा. दादानं व्हीसीआर भाड्यानं आणला होता आणि भाडं वसूल करायचं म्हणून एका रात्रीत तीन चित्रपट लावले होते. मी बी.कॉम., पण हिशेबाच्या पुस्तकातलं इंग्रजी वेगळं आणि पडद्यावरचं वेगळं. निम्मे संवाद डोक्यावरून गेले. विमानांची लढाई लागली की दादा आणि आमचे हे पुढे सरकून बसायचे आणि मला डुलकी यायची. मग एक प्रसंग आला आणि माझी झोप उडाली.

ल्यूक नावाचा तरुण मुलगा एका मोठ्या गुरूच्या शोधात एका ग्रहावर येतो. सगळीकडे दलदल, धुकं, वेली, साप. त्याचं यान चिखलात रुततं. तिथे त्याला एक हातभर उंचीचा, हिरव्या रंगाचा, लांब कानांचा म्हातारा भेटतो. म्हातारा त्याचं सामान उचकतो, त्याच्या डब्यातलं खाणं चाखून थुंकतो, त्याच्या यंत्रमानवाशी एका छोट्या दिव्यावरून भांडतो. ल्यूक वैतागतो. मला त्या गुरूकडे घेऊन चल, म्हणतो. म्हातारा म्हणतो, नेतो, पण आधी चल, जेवू. आणि त्याला आपल्या झोपडीत घेऊन जातो.

ती झोपडी माझ्या डोळ्यांपुढून कधी गेली नाही. छत इतकं खाली की ल्यूकचं डोकं आपटतं. बाहेर धो धो पाऊस. आत चुलीवर भांडं रटरटतंय, म्हातारा त्यात ढवळतोय आणि खा, खा, म्हणून आग्रह करतोय. ल्यूकचं जेवणात लक्ष नाही. गुरू कुठे राहतात, किती लांब आहेत, आत्ताच का जायचं नाही, हेच चाललंय. शेवटी तो चिडून म्हणतो की मी इथे वेळ वाया घालवतोय. तेव्हा म्हातारा तोंड फिरवतो आणि कुणाला तरी सांगतो की या मुलाला मी शिकवू शकत नाही, याच्याकडे धीर नाही. मग ल्यूकच्या लक्षात येतं की हाच तो गुरू. हाच योडा.

परीक्षा कधी सुरू झाली हे त्या मुलाला कळलंच नाही! ताट पुढे आलं तेव्हाच ती सुरू झाली होती.

योडा म्हणजे एक बाहुला आहे. स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनी त्याचा चेहरा घडवला आणि फ्रँक ऑझ यांनी तो हलवला आणि त्याला आवाज दिला. इंग्रजी बोलणाऱ्यांना त्याचं बोलणं फार विचित्र वाटतं, कारण तो बऱ्याचदा क्रियापद वाक्याच्या शेवटी टाकतो. मला त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. आपण सगळ्याजणी तसंच बोलतो की! कदाचित म्हणूनच त्या रात्री मला सगळ्यांत जास्त कळला तो योडाच.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. आपल्याकडे गुरूला आहार श्रावक देतात. चौका लावायचा, पडगाहन करायचं, मुनिमहाराज उभ्यानं, ओंजळीत, दिवसातून एकदाच घेणार. आपल्याला माहीतच आहे, पहिले तीर्थंकर भगवान ऋषभदेव आहारासाठी फिरत होते तेव्हा लोकांनी रत्नं आणली, हत्ती-घोडे आणले, पण साधा आहार कसा द्यायचा हे कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी हस्तिनापूरला श्रेयांस राजानं उसाचा रस दिला, तो दिवस अक्षय तृतीयेचा. चित्रपटात मात्र उलटं आहे. गुरू रांधतोय, वाढतोय, आणि शिष्याला घेता येत नाही. पण मुळात गोष्ट एकच. देणं जसं शिकावं लागतं, तसं घेणंही शिकावं लागतं.

आणि जेवणापासून सुरुवात का, हे तर आपल्याला कुणी सांगायला नको. बाह्य तपाचे सहा प्रकार आपण पाठ म्हणतो. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, हे पहिले चारही आहाराशीच जोडलेले आहेत. उपवास, भुकेपेक्षा कमी खाणं, आहाराला निघताना मनात नियम धरणं, आवडीचा रस सोडणं. एकांत आणि कायक्लेश त्यानंतर येतात.

आता आमच्या घरातलं सांगते. लेकीला आधी वाचून दाखवलं आहे, आणि ती 'लिही' म्हणाली तेवढंच लिहिते.

गेल्या वर्षी मे महिन्यात लेक आणि नातू सांगलीला आमच्याकडे राहायला आले. जावई आले नाहीत. नातू बारा वर्षांचा, इथल्या शाळेत सातवीत घातला. त्याला घरात जे सांगितलं होतं ते इतकंच, की बाबांचं काम वाढलंय. तो काही विचारत नव्हता. काही बोलतही नव्हता. ताटावर यायचा नाही. शाळेतून आला की खोलीचं दार लावून घ्यायचा.

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण लवकर असतं. जुलैत सांगलीला सूर्य सातनंतर मावळतो. त्याच्या दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी, माझं जेवण संपलेलं असतं, म्हणून पावणेसहाला मी ताटं मांडते. नातवाला त्या वेळी भूक नसायची. नऊ वाजता भूक लागायची, मग लेक उठून त्याला शेवयांचं पाकीट करून द्यायची. मी सूर्यास्तानंतर गॅस पेटवत नाही. पण तिला किंवा त्याला मी अडवलं नाही. माझा नियम मी घेतला आहे, माझ्यासाठी. दुसऱ्याच्या ताटावर तो ठेवता येत नाही, लेकराच्या तर नाहीच. आमचे हे म्हणायचे, राहू दे, येईल हळूहळू. मीही तेच म्हणायचे, पण रात्री नऊला स्वयंपाकघरात दिवा लागला की झोप लागायची नाही. त्याला भूक कशाची आहे, हेच कळत नव्हतं.

जुलैच्या शेवटी पाऊस वाढला. आमच्याकडे पाऊस वाढला की सगळं गाव आयर्विन पुलाच्या पातळीवर डोळे लावून बसतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. पाणी चढायला लागलं तशी शाळेला सुट्टी मिळाली. मी नातवाच्या खोलीत वाळलेले कपडे ठेवायला गेले तर तो लॅपटॉपवर काहीतरी बघत होता. पडद्यावर मला ते लांब कान दिसले.

"हा योडा ना रे?"

त्यानं कानातलं काढलं. "आजी, तुला योडा माहीत आहे?"

"तुझी आई जन्मायच्या आधीपासून. जेवायला घालतो ना तो त्या मुलाला, झोपडीत?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी आपणहून बोलायला लागला. मी तिथेच पलंगावर बसले आणि आम्ही तो प्रसंग पुन्हा लावून पाहिला. मला आता संवादही कळले. पाहून झाल्यावर तो म्हणाला, "आजी, तू ते सूप करशील?"

भांड्यात काय आहे हे चित्रपट सांगत नाही. पण नातवानं मला सांगितलं की चाहते त्याला 'रूटलीफ' सूप म्हणतात. १९८३ साली अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओवर या चित्रपटाची नभोनाटिका झाली, तेव्हा क्रेग क्लेबोर्न या नावाजलेल्या पाककला-लेखकानं त्या सूपची कृतीसुद्धा दिली होती. ती मांसाहारी, त्यामुळे आपल्या कामाची नाही. पण नावच ऐकून मला हसू आलं. रूट म्हणजे मूळ आणि लीफ म्हणजे पान. चातुर्मासात आपल्याकडे दोन्ही बंद!

"मग उरलं काय? पाणी?" नातू म्हणाला.

"पाणी आहे, तेही गाळलेलं. चल, बघू काय उरतंय."

तो वही घेऊन आला. दोन रकाने केले, चालतं आणि चालत नाही. माझ्या वहीखात्यासारखेच. बटाटा, गाजर, बीट, कांदा, लसूण, ओलं आलं, पालक, कोथिंबीर एका बाजूला. दुधी, दोडका, लाल भोपळा, कच्चं केळं, मूग दुसऱ्या बाजूला. मग त्यानं विचारलं, असं का? मी सांगितलं की कंद हा अनंतकाय, त्या एका शरीरात अनंत जीव मानले आहेत. आणि पावसाळ्यात पानांवर बारीक जीव फार असतात, धुऊनही राहतात, म्हणून चार महिने पान नको. तो थोडा वेळ यादीकडे बघत बसला आणि म्हणाला, "म्हणजे दोडका तोडला तरी वेल राहते. बटाटा काढायचा तर सगळं झाडच उपटावं लागतं." मी काही बोलले नाही. पाठशाळेत आम्ही जे घोकून घोकून शिकलो, ते त्याला यादीवरून कळलं होतं.

मग तो डब्यांच्या फळीकडे वळला. "सुंठ म्हणजे आलंच ना? मग ती कशी चालते?"

आलं उन्हात आपलं आपण वाळतं, पुन्हा त्याला कोंब येत नाही, आणि आपण ते औषधासारखं चिमूटभर घेतो. हळदीचंही तसंच. बटाट्याची भाजी मात्र कुणी चिमूटभर खात नाही. हे त्याला पटलं. मग त्यानं तमालपत्राची बरणी काढली. "हे पान आहे. पण वाळलेलं." आमच्या घरात वाळलेलं तमालपत्र चातुर्मासात चालतं. (तुमच्याकडे चालत नसेल तर घालू नका, आपापल्या घरची पद्धत पाळावी.) त्यानं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, मूळ म्हणजे सुंठ, पान म्हणजे तमालपत्र. झालं आमचं रूटलीफ सूप!

त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातच होता. सूप दलदलीसारखं दिसलं पाहिजे, म्हणून मिक्सर नको म्हणाला, मग मी रवीनं घोटलं. सहा वाजता तो ताटावर बसला. बाहेर पाऊस होता. मी म्हटलं, खा, खा, गरम आहे. तो हसला.

असं आठ-दहा दिवस चाललं. रोज नाही, पण एक-दोन दिवसांआड तो 'दलदल सूप कर' म्हणायचा आणि वेळेवर यायचा. पाणी उतरलं, शाळा सुरू झाली. आणि एका संध्याकाळी, वाटी अर्धी झाल्यावर, त्यानं विचारलं, "आजी, व्हेडर ल्यूकचा बाबा आहे, हे योडाला माहीत होतं ना?"

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डार्थ व्हेडर हा त्यातला खलनायक, काळ्या शिरस्त्राणाचा. चित्रपटाच्या शेवटी तोच ल्यूकला सांगतो की मी तुझा बाप आहे. ल्यूकला लहानपणापासून सांगितलेलं असतं ते वेगळंच.

"माहीत होतं," मी म्हटलं.

"झोपडीत जेवताना ते त्याच्या बाबांबद्दल बोलतात. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तो तयार नाही असं त्यांना वाटलं असेल."

"म्हणून मग त्याला शत्रूनं सांगितलं," नातू म्हणाला. "आणि तेव्हा त्याचा हात तुटला होता आणि धरायला जवळ कुणी नव्हतं."

त्यानं वाटीतून डोळे वर केले नाहीत. लेक दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. काय सांगायचं आणि कधी, हा तिचा हक्क होता, म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही, फक्त आणखी एक वाटी काढून सूप वाढलं आणि ताटाशेजारी ठेवली. ती येऊन बसली. म्हणाली, "काय विचारायचंय ते विचार. जे आहे ते सांगते."

मी उठले आणि देवघरात जाऊन जपाला बसले. आमचे हे ओसरीवर गेले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, मध्ये एकदा रडण्याचा, कुणाचा ते मी ओळखायचा प्रयत्न केला नाही. नंतर बराच वेळ चमच्यांचा आवाज आला. तोपर्यंत दिवस मावळला होता की नाही, तेही मी बघितलं नाही.

त्या दिवसानंतर सगळं गोड झालं असं काही नाही. घरातल्या दोन माणसांमधलं जे तुटलं ते सूपानं जुळत नाही. पण रविवारी सकाळी मुलगा आता आपल्या वडिलांशी फोनवर बोलतो, आणि बोलणं झालं की येऊन आईला सांगतो. बंद दार उघडं असतं. बाहेर मित्रांबरोबर गेला तर बटाटावडा खातो, हे मला माहीत आहे. घरात मात्र आठवड्यातून चार-पाच दिवस आमच्याबरोबर जेवतो. गेल्या दशलक्षण पर्वात त्यानं स्वतःहून एक नियम घेतला, दहा दिवस ताटात काही टाकायचं नाही. पाळलाही.

चित्रपटात पुढे योडा ल्यूकला एका अंधाऱ्या गुहेत पाठवतो आणि शस्त्रं नेऊ नकोस म्हणतो. तो ऐकत नाही, घेऊन जातो. आत त्याला शत्रू दिसतो, तो त्याचं मस्तक उडवतो, आणि त्या शिरस्त्राणात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. लढायांच्या चित्रपटात आपल्यासारख्यांना काय मिळणार, असं कुणी मला विचारलं तर मी हा प्रसंग सांगते. बारा वर्षांच्या मुलाला कषाय हा शब्द समजावणं अवघड असतं. ही गुहा त्याला लगेच समजली. रागावलेला असलास तर आधी जेव, मग बोलू, असं मी आता त्याला म्हणते, आणि तोही कधी कधी मला म्हणतो.

तर आता कृती. चार माणसांना पुरते.

अख्खे हिरवे मूग अर्धी वाटी, निवडून, धुऊन, तीन तास भिजवलेले. रात्रभर भिजवू नका, कोंब यायला नकोत. दोडका आणि दुधी प्रत्येकी एक वाटी, लाल भोपळा अर्धी वाटी, सगळं नीट शोधून चिरलेलं. दोडक्याच्या नुसत्या शिरा काढा, साल राहू द्या, दलदलीचा हिरवा रंग तिथूनच येतो. कच्चं केळं एक, आमसुलं दोन, तमालपत्रं दोन, सुंठपूड पाव चमचा, मिरे सहा-सात, जिरे एक चमचा, हळद, हिंग, मीठ आणि एक चमचा तूप. गाळलेलं पाणी पाच वाट्या.

मूग आणि भाज्या हळद घालून कुकरमध्ये चार शिट्ट्या होईपर्यंत शिजवा. कच्चं केळं सालासकट वेगळ्या भांड्यात त्याच कुकरमध्ये ठेवा. गार झाल्यावर साल काढून केळं कुस्करा. बटाट्यानं जो दाटपणा येतो तो यानंच येतो. सगळं एकत्र करून रवीनं घोटा, पण थोडे तुकडे राहू द्या. तुपात जिरे, हिंग, कुटलेले मिरे आणि तमालपत्र यांची फोडणी करा, त्यात हे घोटलेलं ओता, आमसुलं, मीठ आणि उरलेलं पाणी घालून दहा मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. सुंठ शेवटी घाला, नाहीतर तिचा वास उडतो. सोबत ज्वारीची भाकरी छान लागते.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको असेल तेव्हा भाज्या आणि केळं वगळून मुगाचं प्रमाण एक वाटी करा आणि शेवटी चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावा. रंग थोडा फिका येतो. नातू म्हणतो, ही उन्हाळ्यातली दलदल. साडेपाचला चढवलं तर सहाला वाढायला तयार होतं, आणि जो उशिरा येईल त्याच्यासाठी भांड्यात थोडं राहू द्या.